एक जूनची माणसं

"एक जून! काय हो मॅडम, तुमच्या गावात दुसऱ्या कुठल्या दिवशी पोरंच होत नाहीत का?"

माझा पासपोर्ट हातात धरून तो असं म्हणाला आणि खो खो हसला. हुबळीतल्या कोप्पीकर रोडवरचं दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस. परदेशात कायमचं राहायला जाणाऱ्यांची कागदपत्रं तयार करून देणारं. एसी इतका की मी ओढणी अंगाभोवती गुंडाळून बसले होते. तो मुलगा पंचविशीचा असेल. खाली बाजारात त्याच्या वडलांचं कापडाचं दुकान. घरात मराठी, म्हणून माझ्याशीही मराठीतच बोलत होता.

"सकाळपासून ही तिसरी फाईल," तो शेजारच्या टेबलावरच्या मुलीला म्हणाला. "तिघंही एक जूनचे. खेड्यातले लोक ना, ठरवून करतात बहुतेक."

ती मुलगी हसली. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर कलघटगीचा एक वेल्डर बसला होता, त्याचीही तारीख तीच, तोही हसला. आणि मीसुद्धा हसले. दात दाखवून हसले. त्या पोरापेक्षा मला माझ्या त्या हसण्याचाच जास्त राग येतो. आपल्यावर कुणी हसलं की आपणही हसायचं, ही सवय आम्हाला कुणी लावली कोण जाणे.

मग त्यानं हिशेब सांगितला. ऑस्ट्रेलियाला नर्स पाहिजेत. माझं शिक्षण चालतं. इंग्रजीची परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झाले होते. पण पंचेचाळीस पूर्ण व्हायच्या आत तिकडून बोलावणं आलं पाहिजे. एक दिवस वर गेला की संपलं.

"येत्या एक जूनला तुमचे पंचेचाळीस पूर्ण," तो म्हणाला. "आता दिवाळी झाली. फार वेळ नाही तुमच्याकडं."

"मी एवढ्या वयाची नाही हो," मी म्हटलं. "ती तारीख खरी नाही."

"पासपोर्टवर काय आहे?"

"तीच."

"मग तुम्ही तेवढ्याच वयाच्या." त्यानं पासपोर्ट माझ्याकडं सरकवला. "तारीख बदलायची तर कोर्टात जा. पण या वयात बदलून मागितली तर तिकडचे लोक म्हणतील, बाई लबाड आहे."

लबाड म्हणे. मी.

एक जून म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी पत्रिका असते त्यांना सांगावं लागतं. ज्यांचा जन्म झाला की कुणीतरी घड्याळाकडं बघतं, त्यांना. आमचं घर अळणावरला, लाकडाच्या डेपोमागच्या गल्लीत. अप्पा डेपोत हमाल होते. सागवानाचे ओंडके ट्रकात चढवायचे. आम्ही मराठी बोलणारे, पण वडलांना अप्पा, आईला अव्वा, थोरल्या भावाला अण्णा. गावच्या वरच्या अंगाला राहणारे लोक आम्हाला 'डेपोमागची' म्हणायचे. आमची जात कुणी विचारत नव्हतं. डेपोमागची म्हटलं की त्यात सगळं आलं.

त्या वर्षी शाळेत पहिलीचा पट भरत नव्हता. पट भरला नाही तर मास्तरांची बदली व्हायची. म्हणून मास्तर पोरं गोळा करत आमच्या गल्लीत आले. अण्णाला न्यायला आले होते. मी अण्णाचा सदरा धरून उभी होते. मास्तर म्हणाले, "ही पण घेऊन टाकू. वय काय हिचं?"

अव्वा म्हणाली, "डेपोला आग लागली न्हवं, त्याच्या पुढच्या श्रावणात झाली."

मास्तरांनी बोटांवर काहीतरी केलं. पहिलीला लागतात तेवढी वर्षं भरत नव्हती. मग त्यांनी भरवली. शाळा जूनला सुरू होते, म्हणून एक जून. अण्णाचीही एक जून, आदल्या सालची. गल्लीतून त्या दिवशी जेवढी पोरं गेली तेवढ्या सगळ्यांची एक जून. माझं सव्वा वर्ष त्या दिवशी मास्तरांनी खाल्लं. आणि पोरीला शाळेत घेतलं, केवढे उपकार झाले, म्हणून अप्पांनी संध्याकाळी त्यांच्या दारात जळणाची मोळी नेऊन टाकली. माझं वय खोटं लिहिलं आणि वर माझ्या बापानं त्यांची चूल पेटवली.

अप्पांना मी दोष देत नाही. त्यांना काय ठाऊक, की एक दिवस समुद्रापलीकडचा कुणीतरी माणूस त्यांच्या पोरीचं ते सव्वा वर्ष मागणार आहे.

लोक विचारतात, या वयात कशाला जायचं? मुलीसाठी जातेस का? माझा नवरा बस डेपोत मेकॅनिक आहे, सरळ माणूस. त्यानंही हेच विचारलं. "पोरीच्या शिक्षणासाठी जायलीस काय?" म्हणाला. मी म्हटलं, नाही, माझ्यासाठी. बाई स्वतःसाठी कुठं जाते, हे त्याच्या डोक्यात बसत नव्हतं. माझ्या तरी कुठं बसत होतं. माझ्याबरोबर नर्सिंग केलेली एक मैत्रीण तिकडं आहे. एकदा व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "इथं डॉक्टर मला नावानं हाक मारतात आणि मी त्यांना नावानं." बस, एवढंच. पगार, घर, गाडी, सगळं ती सांगत होती. मला त्यातलं काही आठवत नाही. हे एकच आठवतं. मी काम करते त्या नर्सिंग होममध्ये माझं नाव मला कितीतरी वर्षांत कुणी ऐकवलं नव्हतं.

हे नर्सिंग होम हुबळीतलंच. मालक मोठे सर्जन, आम्ही त्यांना सर म्हणतो. घराणं धारवाडचं, मळमड्डीतलं, आजोबा वकील, वडील प्राध्यापक. मराठी माणसं. मी मराठी, म्हणून मुलाखतीत खूश झाले होते. "आपलीच आहे," म्हणाले. आपलीच म्हणून नेमणुकीचं पत्र दिलं नाही. आपल्या माणसांत कसलं पत्र? पगार हातात. मी तेव्हा विशीतली. मला वाटलं, केवढा विश्वास.

नंतर ऑपरेशन थिएटर माझ्याकडं आलं. मग अतिदक्षता विभाग. मग सगळ्या मजल्यांच्या ड्युट्या लावणं, नव्या मुलींना शिकवणं, औषधं मागवणं, रात्री कुणी आली नाही तर तिच्या जागी स्वतः उभं राहणं. सगळे मला सिस्टर-इन-चार्ज म्हणत. पेशंट म्हणत, सर म्हणत. पण जिन्याखाली बोर्ड आहे ना, त्यावर सिस्टर-इन-चार्ज म्हणून दुसरंच नाव. सरांच्या मेहुणीचं. त्या बाईंनी बंगळूरला नर्सिंगची डिग्री घेतली, लग्न केलं आणि पुढं कधी इंजेक्शनची सुईसुद्धा हातात धरली नाही. पण डिग्री मोठी, घर आपलं, म्हणून कागदावर त्या.

वर्षातून एकदा तपासणीला साहेब लोक यायचे. त्या दिवशी बाई गाडीतून उतरायच्या. इस्त्रीचा पांढरा कोट. माझ्या खुर्चीत बसायच्या. मी खुर्चीमागं उभी. साहेबांनी काही विचारलं की बाई मान वळवून माझ्याकडं बघायच्या, मी हळूच सांगायची, त्या मोठ्यानं म्हणायच्या. मग सर म्हणायचे, "अगं, चहा सांग बघू साहेबांना." मी चहा सांगायची. एकदा तर चहा आणणारा आला नव्हता, तेव्हा मीच ट्रे घेऊन आत गेले. बाईंनी माझ्या हातून कप घेतला आणि थँक्यू म्हणाल्या. अय्यो देवा, त्या थँक्यूनं माझ्या अंगाची लाही लाही झाली होती. पण संध्याकाळी त्या गेल्या, मी खुर्चीत बसले, आणि पुन्हा आपलं काम सुरू.

आता कोप्पीकर रोडवरच्या त्या पोरानं मला यादी दिली. त्यात मुख्य गोष्ट एकच: जिथं काम केलं तिथलं पत्र. लेटरहेडवर. पद काय, कधीपासून, काय काय काम. ते पत्र गेल्याशिवाय माझी नर्स म्हणून पारख होणार नाही, पारख झाल्याशिवाय अर्ज नाही, अर्जाशिवाय बोलावणं नाही. सगळं त्या एका पत्रावर अडलं होतं.

मी सरांना विचारलं. नाताळच्या आधी. ते म्हणाले, "देऊ की, काय मोठं!" महिन्यानं पुन्हा विचारलं. म्हणाले, "अगं, मी कॉन्फरन्सला चाललोय, आल्यावर आठवण कर." आल्यावर आठवण केली. म्हणाले, "टाईप करून आण, सही करतो." टाईप करून नेलं. टेबलावर ठेवलं. ते तिथंच राहिलं. वर औषध कंपन्यांची माहितीपत्रकं येऊन पडली, त्याच्या वर कॅलेंडर आलं. मी रोज राउंडच्या वेळी बघायची, पत्राचा कोपरा तेवढा दिसायचा. मला ओरडावंसं वाटायचं. पण थिएटरमध्ये त्यांच्या हातात मीच सुऱ्या देत होते, आणि तिथं तोंड मिटूनच उभं राहायचं असतं.

शिवरात्र झाली. होळी झाली. कोप्पीकर रोडवरून फोन यायचे, "मॅडम, पत्र? मॅडम, वेळ चाललाय." माझं जेवण उतरेना. नवरा म्हणायचा, "सोडून दे की. कशाला जिवाला लावून घेतल्यास?" मी त्याच्यावर खेकसायची. बिचारा ताट उचलून जायचा.

एप्रिलमध्ये अखेर सरांनी लिफाफा दिला. मी थिएटरच्या बाहेर, हातमोजे काढून, तिथंच उघडला. मी टाईप केलेलं पत्र नव्हतं ते. नवीन होतं. लेटरहेड बरोबर, सही बरोबर, शिक्का बरोबर. पद: मदतनीस. काम: रुग्णांना उठवणं, बसवणं, स्वच्छता. कधीपासून, ते लिहिलेलंच नव्हतं. 'काही काळापासून' असं होतं.

काही काळापासून.

मी तशीच केबिनमध्ये गेले. दार ढकललं. सर मोबाईल बघत होते.

"सर, हे काय?"

"का? दिलं की पत्र."

"मी मदतनीस आहे?"

ते वैतागले. "हे बघ, सिस्टर-इन-चार्ज कसं लिहिणार मी? सगळ्या कागदांवर मेहुणीचं नाव आहे. उद्या तिकडून कुणी चौकशी केली तर? मला जेलात घालायचंय का तुला? आणि नर्स लिहिलं तर नेमणूकपत्र कुठाय, विचारतील. डोकं लाव जरा."

म्हणजे त्यांनी मला नेमणूकपत्र दिलं नाही, म्हणून आता मी नर्स नाही. त्यांनी माझ्या खुर्चीत दुसरीला बसवलं, म्हणून मी त्या खुर्चीची नाही. मास्तरांनी वय वाढवलं आणि सरांनी काम कमी केलं. मी ज्यांच्या ज्यांच्या हाताखाली आले त्या प्रत्येकानं माझ्याबद्दल त्याच्या सोयीचं लिहिलं. आणि प्रत्येक वेळी आम्ही वर आभार मानले.

हे सगळं तोंडात आलं होतं. आणि मी काय म्हटलं? "बरं सर." असं म्हटलं आणि बाहेर आले. पुढच्या पेशंटची तयारी केली. पण थिएटरमध्ये माझ्या जागी दुसऱ्या मुलीला उभं केलं. असं कधी झालं नव्हतं.

त्याच आठवड्यातला रविवार. सरांच्या आईला रविवारी मी मळमड्डीतल्या घरी जाऊन बघायची. पायाची जखम धुवायची, पट्टी बदलायची, साखर तपासायची. हे माझ्या कामात नव्हतं, त्याचे कुणी पैसेही देत नव्हतं, पण आजी माणूस गोड. मी गेले की, "आलीस गं बाई," म्हणायच्या. त्या दिवशी मी पट्टी बांधत होते तेव्हा सर आणि त्यांची बायको, आमच्या मॅडम, दोघं आत येऊन बसले. असं कधी बसायचे नाहीत.

"तुला ऑस्ट्रेलियाला जायचंय ना?" सर म्हणाले. अगदी लाडात.

मी वर बघितलं.

"आईला यंदा मेलबर्नला न्यायचंय, नातवाकडं. सहा महिने. तिला उठवायला-बसवायला माणूस लागतं. तू चल. तिकीट आम्ही काढतो, व्हिसा आम्ही बघतो. एवढं सगळं परीक्षा, गुण, पत्र कशाला पाहिजे? बघून येशील सगळं."

मॅडम म्हणाल्या, "आईंना तुझ्याच हातची सवय. आणि तिकडं माणूस ठेवणं आपल्याला परवडतं का? घंट्याच्या हिशेबानं पैसे घेतात त्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "फक्त तिकडं कुणाला नर्स आहे म्हणून सांगू नकोस. घरचीच आहे म्हणायचं."

त्यांचा मुलगा तिकडं आहे. शिकायला म्हणून गेला आणि तिशीच्या आत त्याला कायमचं राहायची परवानगी मिळाली. त्याला लहानपणी डेंग्यू झाला तेव्हा त्याच्या उशाशी मी बसले होते. आता त्याच्या घरात मी आजीचं भांडं उचलायला जायचं, आणि नर्स आहे म्हणून सांगायचं नाही. तिकडं नर्स पाहिजेत म्हणून लोक रांगा लावतात, आणि मी नर्सपण लपवून त्याच विमानतळावर उतरायचं. वा रे वा.

"तुम्हा लोकांना वयाबियाचं काय एवढं," सर म्हणाले. "मनात तरुण असलं की झालं."

आजींनी माझा हात धरला. "येशील ना गं? तिकडं माझ्याशी मराठी बोलायला कुणी नाही. नातसूनसुद्धा तिकडचीच." त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांचं खरं होतं. त्यांच्यासाठी जीव तुटला माझा. पण त्यांच्या एकटेपणाची किंमत मी माझ्या नावानं का मोजायची?

मी पट्टीची शेवटची गाठ मारली, हात धुतले. "विचारून सांगते," म्हटलं. कुणाला विचारणार होते? कुणालाच नाही. नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं, एवढंच. रिक्षानं हुबळीला परत येताना मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या, की रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं.

मे महिना असाच गेला. मी पुन्हा पत्र मागितलं नाही. त्यांनी पुन्हा मेलबर्न काढलं नाही. कोप्पीकर रोडवरचे फोनही बंद झाले. मग एक जून उजाडला.

आमच्याकडं स्टाफचे वाढदिवस करतात. हे मॅडमनी काढलेलं. ज्याचा वाढदिवस, त्याला केक. फक्त एक जूनला गंमत असते. त्या दिवशी आमच्याकडं चौघांचा वाढदिवस: माझा, वॉचमनचा, अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचा आणि आया शांतव्वाचा. चौघांत मिळून एकच केक. नावं मावत नाहीत म्हणून त्यावर 'ऑल' असं लिहून आणतात. आणि सरांचा वाढदिवस मात्र दोनदा होतो, एकदा तारखेनं, एकदा तिथीनं. दरवर्षी मी तो केक कापत आलेय, वयानं मोठी म्हणून सुरी माझ्या हातात. दरवर्षी सरांचा विनोद ठरलेला, आणि आम्ही चौघं हसायला ठरलेले.

त्या दिवशीही सगळे खालच्या हॉलमध्ये जमले. पेशंटचे नातेवाईक बाकांवर बसलेले. सर आले, सुरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "एक केक, चार वाढदिवस! तुमच्या मास्तरांनी आमचा खर्च वाचवला बघा."

सगळे हसले. ड्रायव्हर हसला, वॉचमन हसला.

मी नाही हसले.

खरं सांगते, मी काही ठरवून गेले नव्हते. नुसतं हसू आलं नाही. तोंड आवळूनच राहिलं. आणि एकदा हसू आलं नाही म्हटल्यावर पुढचं आपोआप आलं. मी सुरी टेबलावर ठेवली.

"सर, आज माझा वाढदिवस नाही."

"असं कसं? आधार कार्डावर..."

"माझा जन्म श्रावणातला. अजून सव्वा वर्षानं मी पंचेचाळीसची होणार. पण कागदावर आज झाले. आज माझं दार बंद झालं. तुम्ही पत्र दिलं असतं तर झालं नसतं."

मॅडम म्हणाल्या, "अगं, केक तरी काप आधी."

"नाही कापणार."

शांतव्वानं माझी बाही ओढली. "अक्का, बिडरी," म्हणाली. सोडा म्हणे. सोडतच आले होते मी, जन्मभर.

सरांचा चेहरा लाल झाला. आवाज खाली आणून म्हणाले, "पेशंटचे लोक ऐकतायत."

"ऐकू देत. त्यांना मी सिस्टर-इन-चार्ज म्हणून ठाऊक आहे. तुम्ही मला मदतनीस म्हणून लिहून दिलंय. त्यांनाच विचारा ना, त्यांच्या माणसाजवळ कोण उभं होतं."

बाकावरची एक म्हातारी कन्नडमध्ये शेजारणीला म्हणाली, काय झालं गं? शेजारणीनं तिला गप्प केलं. माझ्या बाजूनं कुणी बोललं नाही. ते सांगायला पाहिजे.

मग सरांचा तोल सुटला. "जास्त झालं तुझं. उद्यापासून यायचं नाही. समजलं?"

नवऱ्याचा पगार, पोरीची फी, सगळं डोळ्यासमोरून गेलं. पण तोंडातून आलं ते वेगळंच. मला स्वतःलाच नवल वाटलं.

"ते लिहून द्या, सर."

"काय?"

"मला काढलं म्हणून लिहून द्या. कुणाला काढलं, कुठल्या पदावरून काढलं, कधीपासून कामावर होती. लेटरहेडवर. सही-शिक्क्यानिशी. आत्ता द्या, मी थांबते."

सरांच्याही ध्यानात आलं. मला काढायचं तर मी काय होते ते लिहावं लागणार. मदतनीस लिहिलं तर थिएटरची, औषधांची, प्रत्येक पेशंटच्या कागदावरची माझी सही कुठून आली ते सांगावं लागणार. सिस्टर-इन-चार्ज लिहिलं तर मेहुणी कुठं होती ते. एवढी वर्षं मला कागदावर आणलं नाही, तर आता कागदावरून काढणार कसं? ते केबिनमध्ये गेले. दार आपटलं.

शांतव्वानं केक कापला. सकाळपासून उभी होती, भूक लागली होती तिला. मी रागावले नाही. तिनं एक तुकडा मला दिला, मी घेतला नाही, तिनं तो कागदात बांधून पोरासाठी नेला.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर ड्युटीवर गेले. वॉचमननं अडवलं नाही. माझ्या खुर्चीत कुणी नव्हतं. मी बसले.

त्यानंतर मी लेबर ऑफिसला अर्ज दिला. कामाचा दाखला मिळावा म्हणून. अव्वाला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. "कशाला मोठ्या माणसांच्या नादाला लागायल्यास? त्यांनी खायला घातलंय," म्हणाली. मी म्हटलं, "अव्वा, मी खाल्लंय ते माझ्या कामाचं." तिला पटलं नाही. नवऱ्याला निम्मं पटलंय. तो अर्जाच्या तारखेला रजा काढून बरोबर येतो, बाहेर झाडाखाली बसतो, आत येत नाही. तेवढंही पुष्कळ आहे.

ऑस्ट्रेलियाचं संपलं. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही असं मी म्हणणार नाही. फार वाईट वाटतं. विमानाचा आवाज आला की अजून मी वर बघते. मैत्रिणीचा कॉल आला की मी उचलत नाही. दुसरे देश आहेत, जिथं वय जास्त म्हणून गुण कमी मिळतात, पण दार पुरतं लावलेलं नसतं. मी बघतेय. त्यांनाही तेच पत्र लागतं.

नव्या मुली कामाला येतात, नर्सिंग करून नुकत्याच बाहेर पडलेल्या. कुणी नवलगुंदची, कुणी हल्याळची. पहिल्या दिवशी मी त्यांना सलाईन लावायला नंतर शिकवते. आधी विचारते, नेमणूकपत्र घेतलंस? नाही म्हणाली तर म्हणते, वर जा, मागून घे, मग ये. सरांना ठाऊक आहे हे. ते माझ्याशी आता फक्त ऑपरेशनपुरतं बोलतात. दोन मुलींना पत्रं मिळाली. एकीला नाही म्हणाले, ती सोडून गेली.

गेल्या तारखेला सरांचा वकील तडजोड घेऊन आला. गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "बाई, 'वरिष्ठ परिचारिका' असं लिहून देतो. साल मात्र घालता येणार नाही. तुम्ही अर्ज मागं घ्या, इथं सही करा, विषय संपला. तुम्हाला परदेशाला तेवढं पुरेल." लेबर ऑफिसचे साहेबसुद्धा म्हणाले, घ्या की, कशाला ताणता.

मला ठाऊक आहे, ते कदाचित पुरलंही असतं. वयाचा एकेक दिवस माझ्या विरुद्ध जातोय, तेही मला ठाऊक आहे. मी पेन उचललं नाही.

मी म्हटलं, सिस्टर-इन-चार्ज लिहा. रुजू झाले ते साल लिहा. आणि बोर्डावरचं नाव पुसा. तोवर मी कुठं सही करणार नाही, आणि ड्युटीही सोडणार नाही.